लाल म्हणजे विष

जालन्यात आम्ही घर बघायला गेलो असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं म्हणजे त्या दिवशी घरानंच आम्हाला बघून घेतलं. नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक कॉलनी. पुढं अंगण, मधे घरमालकांच्या चार खोल्या आणि अंगणाच्याच कडेला भाडेकरूसाठी दोन. घरमालक अंगणात बाजेवर बसलेले. काटकुळे, पांढरा शर्ट, आणि लोकांच्या खिशाला पेन असतो तसं यांच्या खिशाला भिंग. बसा म्हणाले नाहीत. आत गेले, मूठभर ज्वारी आणून ताटलीत ओतली आणि ताटली आमच्यापुढं धरली.

"यातलं भेसळीचं बी काढून दाखवा."

आमचे हे कॉलेजात ग्रंथपाल. त्यांचा ज्वारीशी संबंध भाकरीपुरता. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ ताटलीत पाहिलं आणि म्हणाले, "मला तर सगळे दाणे सारखेच दिसतात हो."

मी मात्र शाळेत विज्ञान शिकवते. ताटली माझ्याकडं आली तशी मी मोठ्या आत्मविश्वासानं तीन दाणे बाजूला काढले. एकाचा रंग फिकट, दुसऱ्याचं टोक वेगळं, तिसऱ्याचं काय ते आता आठवत नाही, पण त्याचंही कारण मी दिलं होतं.

त्यांनी ते तिन्ही दाणे उचलून परत ढिगात टाकले. "भेसळ नव्हतीच. सर इमानदार हायेत, सरांना घर दिलं." मग माझ्याकडं वळून, "म्याडम, तुमच्याकडं जरा लक्ष ठेवावं लागल."

ते त्यांनी पुढची सहा वर्षं ठेवलं.

सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची. आयुष्यभर त्यांनी एका बियाणं कंपनीत फील्डवर काम केलं होतं. शेतकऱ्याच्या रानात कंपनीचं बी तयार होतं तेव्हा त्या प्लॉटमध्ये फिरायचं, वेगळं दिसणारं झाड उपटून टाकायचं आणि शेजारच्या रानातले परागकण इकडं येत नाहीत ना यावर डोळा ठेवायचा, हे ते काम. वारा, मधमाशी, फुलपाखरू, शेजारी, शेजाऱ्याचा मेव्हणा, कोण काय घेऊन येईल याचा नेम नाही. संशय घ्यायचा त्यांना पगार मिळत होता. नोकरी संपली, पगार थांबला, पण काम काही थांबलं नाही.

दूधवाल्याला ते आपल्या दुधाचा पहिला घोट प्यायला लावायचे. कोथिंबिरीची जुडी भिंगाखाली जायची. पेपर आदल्या दिवशीचा वाचायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आजचा वाचून काय कळतंय म्याडम? काल हवामानवाले म्हणले ढग येणार. आले का? न्हाई. मंग आता कळलं ना, पेपर कितपत खरा हाय ते." आमच्याकडं पाहुणे आले की नाना कुंपणापाशी उभं राहून त्यांच्या गाडीचा नंबर पाठ करायचे. पाहुणा परत जाताना तो नंबर तोच आहे का, हेही पाहायचे.

अशा घरात राहून माणूस बिघडतो. दुसऱ्या वर्षी हे ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं उन्हात धरून बघायला लागले, आणि मी डब्यातल्या पोळ्या मोजून शाळेत न्यायला लागले. कुणी चोरल्या असत्या? माहीत नाही. पण मोजत होते.

नानांची एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. परतूरच्या बाजूला कपाशीचा एक बीजप्लॉट त्यांच्या ताब्यात होता. ऐन वेचणीच्या दिवसांत त्यातली बोंडं गायब व्हायला लागली. नाना तीन दिवस तुरीत लपून बसले आणि त्यांना चोर दिसला. गावातलाच, बायकापोरांचा माणूस. नानांनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला बोलावलं आणि प्लॉटचा राखणदार नेमून कुंपणाच्या कुलपाची चावी त्याच्या हातात दिली.

"चोराला चावी?" मी विचारलं.

"ज्याला कुठून शिरायचं ते म्हाईत हाय, त्यालाच दारात बसवायचं."

"पण तुम्ही त्याला पकडलंय, हे सांगितलंत तरी का?"

"सांगायचं कशाला? चावी हातात पडली तवाच कळलं त्याला. त्यानंतर एक बोंड गेलं न्हाई. म्याडम, ज्याच्यावर पुरा संशय हाय त्याच्याचवर पुरा भरोसा ठेवता येतो. बाकीचे सगळे मधलेच."

मी ही गोष्ट शाळेच्या स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितली होती. पुढं ती माझ्यावरच येणार आहे हे मला कुठं ठाऊक!

नानांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, स्वयंपाकघर अंगणाच्या बाजूला. खिडकीबाहेर लाल जास्वंदीचं मोठं झुडूप होतं, आणि सकाळी काकू भाकरी थापायला लागल्या की त्यावर शिंजीर यायचे. अंगठ्याएवढे पक्षी, चोच वाकडी, सुईसारखी. नर काळा, पण उन्हात आला की निळा, जांभळा चमकायचा. मादी खालून पिवळी, साधी. शिंजीर हे नाव आमच्या ह्यांनी ग्रंथालयातल्या पुस्तकातून शोधून आणलं. काकूंना नावाची गरज नव्हती. त्या "माझं पाहुणं" म्हणायच्या. पाहुणं आलं की तव्यावरची भाकरी थोडी करपायची, आणि नाना ती न बोलता खायचे.

मग एका हिवाळ्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. पांढरा, कापसासारखा. कपाशीच्या माणसाला हा किडा म्हणजे घरात शिरलेला दरोडेखोर. नानांनी भिंग लावलं, दोन फांद्या तपासल्या आणि निदान पक्कं केलं. ती संक्रांतीची आदली संध्याकाळ होती. काकू तीळ भाजत होत्या. नानांनी कुऱ्हाड घेतली आणि झुडूप बुंध्यापासून तोडून, अंगणाच्या कोपऱ्यात जाळून टाकलं.

काकू आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी केला नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या कॉलनीला तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणत फिरल्या, आणि घरी येऊन नानांच्या ताटात एक लाडू ठेवला. तोंडातून शब्द नाही. त्या दिवसापासून त्या नानांशी बोलायच्या बंद झाल्या.

म्हणजे बोलायच्या, पण माझ्यामार्फत.

"बाई, त्यांना सांगा, पाण्याचा टँकर आलाय."

नाना तीन फुटांवर उभे असायचे. मी सांगायची, "नाना, टँकर आलाय."

"तिला म्हणाव, ऐकलं मी."

"काकू, ऐकलं म्हणतात."

"ऐकायला येतं का म्हणाव त्यांना? मी सांगत होते संक्रांतीच्या आधी, औषध मारा, तोडू नका, तवा न्हाई आलं ऐकायला."

हे सगळं सकाळी सात ते आठ, माझी शाळेची वेळ. सुरुवातीला गंमत वाटली. महिन्याभरानं मी मागच्या दारानं सटकायला लागले, तर काकू मागच्या दाराशी येऊन उभ्या. पक्षी येत नव्हते आणि माझी सुटका होत नव्हती.

नानांच्या पुण्यातल्या मुलीला फोनवरून हे कळलं असावं. एक दिवस खोकं आलं. नानांनी ते दोन दिवस उन्हात ठेवलं, मग उघडलं. आत काचेची उभट बाटली, तिला खाली लाल प्लास्टिकची बशी, बशीवर चार लाल फुलं, प्रत्येक फुलात भोक. वर टांगायला आकडा. शिवाय एक लाल भुकटीची पुडी, पाण्यात मिसळायला. बाटलीत साखरपाणी भरायचं आणि पक्ष्यानं फुलाच्या भोकातून प्यायचं.

खोक्यावर एका हिरव्या पक्ष्याचा फोटो होता, जागच्या जागी उडत पिणारा. हे म्हणाले, "नाना, हा हमिंगबर्ड. अमेरिकेतला. आपल्याकडं नसतो."

नानांनी खोकं लांब धरलं. "जो पक्षी हिथं न्हाई, त्याचा फोटो लावून हिथं कोण विकून राह्यलं? सर, पाकिटावर कुणाचंबी कणीस छापता येतं. उगवतं काय, ते बघायचं." मग त्यांची नजर पुडीवर गेली आणि चेहरा उतरला. "लाल."

"लाल रंगाला पक्षी येतात, नाना," मी म्हणाले.

"म्याडम, तीस वर्षं मी गावोगाव एकच सांगत फिरलो. पेरायच्या बियाण्याला औषध चोळतात तवा त्याला लाल रंग का लावतात? बाईमाणसानं चुकून दळू नये म्हणून. लेकरानं तोंडात टाकू नये म्हणून. लाल म्हणजे विष. बिलकुल हात लावायचा न्हाई."

"पण जास्वंदही लालच होती की! तिच्यावर यायचेच ना?"

"ते लाल देवानं केलं. हे माणसानं केलं. खायच्या वस्तूला माणूस असा रंग उगंच लावत न्हाई, कायतरी झाकायचं असतं."

पुडी त्यांनी माझ्यासमोर अंगणातल्या शेडमध्ये नेऊन ठेवली. मी मनात म्हटलं, अडाणीपणा. मनातच म्हटलं, पण बहुतेक चेहऱ्यावर आलं असणार.

आता एवढ्यावर नाना थांबले असते तर ते नाना कसले. एकच वाण बघून निवड करायची नाही, हा त्यांचा नियम. जुन्या जालन्यात एका बोळात पिंजरे विकणारा आहे, त्याच्याकडून पोपटाला पाणी ठेवायची नळी आणली. तिसरी स्वतः बनवली, औषधाची काचेची बाटली, बूच आणि वाकवलेली नळी. तिन्ही साखरपाण्यानं भरून वाळत घालायच्या तारेवर टांगल्या. संध्याकाळपर्यंत निकाल लागला. पोपटाची नळी ठिबकत होती आणि खाली मुंग्यांची रांग तालुक्याच्या गावाला निघाल्यासारखी. घरच्या बाटलीत हात जात नव्हता, म्हणजे ती धुता येणार नाही. "ज्यात हात घालून घासता येत न्हाई, त्यात प्यायचं न्हाई. माणसानंबी न्हाई." राहिली पुण्याची. चिमटा घेऊन त्यांनी तिची चारही लाल फुलं उपटून टाकली, प्लॉटमधलं वेगळं झाड उपटावं तशी. लाल बशी काढून लोणच्याच्या बरणीचं पांढरं झाकण भोकं पाडून बसवलं. पक्ष्याला बसायला कडुलिंबाची काडी आडवी बांधली. हे विकत आणलेल्या वस्तूचं शुद्धीकरण.

मग जागा. टेप, चार बांबू आणि मी. उन्हात नको, कारण मार्चच्या उन्हात साखरपाणी दुपारपर्यंत आंबतं. खिडकीच्या अगदी समोरही नको, पक्षी काचेवर आपटतो. वरून मुंगी उतरते म्हणून दोरीच्या मधे पाण्याची वाटी अडकवली. जुन्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली वाट्या ठेवायचे ना, तीच युक्ती उलटी टांगली. उंचीसाठी कॉलनीतल्या बोक्याची परीक्षा झाली. नानांनी दोरीला सायीची वाटी बांधली आणि ती वर खाली करायला मला उभं केलं. बोका उडी मारायचा, नाना भिंतीवर खडूनं खूण करायचे. पाचव्या उडीनंतर बोका कंटाळून बसला. नानांना तोही डाव वाटला. "मुद्दाम कमी उडी मारून राह्यलाय. दोन फूट वाढवा."

शेवटची चाचणी मला आजही आठवते. काकू दळण आणायला बाहेर गेल्या होत्या. नानांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभं केलं आणि हातात परात दिली.

"म्याडम, भाकरी थापा."

"पीठ?"

"पीठ नको. नुसते हात चालवा. आता मान वर करा. वळवू नका, नुसती वर करा. बांबू दिसतो का?"

"नाही."

ते अंगणात बांबू घेऊन सरकले. "आता?"

"थोडा."

"थोडा न्हाई चालणार. तिची उंची तुमच्यापेक्षा चार बोटं कमी हाय. गुडघ्यात वाका जरा."

तर एका दुपारी मी, दोन पदव्या घेतलेली बाई, दुसऱ्याच्या ओट्याशी गुडघ्यात वाकून रिकाम्या परातीत भाकऱ्या थापत होते. आणि दारात दळणाचा डबा घेऊन काकू उभ्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खिडकीतून दिसणाऱ्या बांबूकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "बाई, त्यांना सांगा, पक्षी बांबूवर न्हाई येत. झाडावर येतो."

नाना बाहेरून म्हणाले, "तिला म्हणाव, बघू."

बाटली टांगली. एकास चार, म्हणजे एक वाटी साखर, चार वाट्या उकळून गार केलेलं पाणी. रोज सकाळी बदलायचं, भरलेल्या पातळीला काचेवर पेनानं रेघ मारायची. आठ दिवस गेले, पक्षी आला नाही. पण पाणी रेघेच्या खाली जायला लागलं.

झालं. तपास सुरू. मुंग्या नाहीत, वाटी कोरडी पडलेली नाही. दूधवाल्याला विचारलं. पेपरवाल्याला विचारलं. नंतर ते आमच्या दारात आले आणि ह्यांना म्हणाले, "सर, परवा तुम्ही म्हणत होते, तपासणीत शुगर वाढून आली."

"हो, जरा वाढलीये."

"हिकडं पाणी कमी होऊन राह्यलं, तिकडं तुमची शुगर वाढून राह्यली. मी काय म्हणत न्हाई. फकस्त दोन्ही गोष्टी बराबर एकाच हप्त्यात झाल्या."

हे इतके गोंधळले की मी तसं काही केलेलं नाही हे सांगताना त्यांची जीभ अडखळली, आणि क्षणभर मलाही संशय आला. दोन दिवसांनी खार सापडली. उलटी लटकून पीत होती. नानांनी ह्यांची माफी मागितली नाही, पण एक पपई पाठवली. गोड नसलेली.

पक्षी मात्र येईना. काकू बोलेनात. होळी जवळ आली. एका सकाळी पाच निरोप इकडून तिकडं पोचवून मी शाळेत उशिरा गेले, मुख्याध्यापकांनी घड्याळाकडं पाहिलं, आणि त्या दिवशी मी ठरवलं. चूक माझ्या लेखी स्पष्ट होती. नानांनी सगळं लाल काढून टाकलं होतं. रंगच नाही, तर पक्ष्याला लांबून दिसणार काय? विज्ञान आहे हे.

रविवारी नाना परतूरला लग्नाला गेले. सकाळच्या गाडीनं, संध्याकाळी परत येणार. मी शेडमध्ये शिरले. फळीवर पुडी दिसली नाही. कॉफीची एक जुनी काचेची बरणी होती, निम्मी लाल भुकटीनं भरलेली. वर काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, ओल लागू नये म्हणून पुडी बरणीत ओतली असणार, नाना काही टाकत नाहीत. झाकण उघडलं तर उग्र वास आला. तोही मला पटला. परदेशी वस्तूला असा वास असेल.

आठवीच्या पोरांना मी प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी काय सांगते? लेबल नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही. फळ्यावर लिहून देते. खाली दोन रेघा मारते.

माझ्याच घरातल्या चमच्यानं मी अर्धा चमचा बाटलीत टाकला, बोटानं काठ पुसला आणि हलवलं. काय सुंदर रंग आला! बाटली जागेवर टांगून मी घरात आले आणि आता बघाच म्हणून ह्यांना खिडकीशी बसवलं.

चार वाजले असतील. काकू चहा टाकत होत्या. फाटक वाजलं. नाना. लग्नातल्या बासुंदीचा त्यांना संशय आला म्हणून न जेवताच दुपारच्या गाडीनं परत आले होते. ते फाटकातच होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अहो! अहो, आलं बघा! आलं!"

संक्रांतीनंतर पहिल्यांदा. सरळ त्यांना. मधे मी नव्हते.

तारेवर नर बसला होता. उन्हात निळा. बाटलीपासून हातभर. मान तिरकी करून लाल पाण्याकडं बघत होता. काकू खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरून उभ्या, चेहरा लहान पोरीसारखा. मी ह्यांचा दंड दाबला. नानांनी आधी काकूंकडं पाहिलं. मग पक्ष्याकडं. मग बाटलीकडं.

आणि पायातली चप्पल काढून त्यांनी जोरात फेकली.

"हाड! हाड! ऊठ!" दोन्ही हात हलवत, धोतराचा सोगा सुटलेला, सत्तरीतला माणूस अंगणात धावत सुटला. लग्नाचा फेटा बाजूला पडला. पक्षी उडाला, कडुलिंबावर बसला, नानांनी दुसरी चप्पल फेकली. तो भिंतीपलीकडं गेला तेव्हा कुठं ते थांबले.

काकू बाहेर आल्या. त्या काय काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. दोन महिन्यांचं साठलेलं होतं, आणि सगळं सरळ त्यांनाच उद्देशून होतं. "झाड तोडलं, आता पाखरालाबी मारा चपलांनी! कुणाचं बघवत न्हाई तुम्हाला!"

नानांनी बाटली काढली. नाकाशी नेली. शेडमध्ये गेले, आणि बाहेर आले तेव्हा हातात ती कॉफीची बरणी होती.

"हे कपाशीच्या बियाण्याला चोळायचं औषध हाय," ते काकूंना म्हणाले. आवाज बारीक होता. "दोन थेंब पोटात गेले असते तर तारेवरून खाली पडलं असतं पाखरू. तुझ्या समोर."

काकू हळू म्हणाल्या, "कुणी घातलं?"

दूधवाल्याला, बोक्याला, माझ्या नवऱ्याला सोडलं नाही असा तो माणूस. मी खिडकीत उभी होते, बोटांना लाल रंग, हात पदराखाली. नानांनी मान वर केली, आमच्या खिडकीकडं न बघता ती पुन्हा खाली घातली.

"मी," ते म्हणाले. "बरणीवर नाव लिहिलं न्हाई. लोकांना तीस वर्षं सांगितलं, आन् सोताच्या शेडमध्ये लिहिलं न्हाई. माझंच चुकलं." थोडं थांबून म्हणाले, "झाडाचंबी."

काकूंनी फेटा उचलला, झटकला आणि त्यांच्या हातात दिला. "चहा उतू गेला असंल," म्हणत आत गेल्या.

नानांनी कुंपणाजवळ खोल खड्डा खणला, लाल पाणी त्यात ओतून माती लोटली आणि बाटली फोडून वर दगड ठेवला. मग नळापाशी हात धुताना, कुणाकडंच न बघता मोठ्यानं म्हणाले, "ज्या कुणी त्या भुकटीला हात लावला असंल त्यानं साबणानं हात धुवावेत. दोनदा. चमचा घरात ठेवू नये."

मी चारदा धुतले. रंग तीन दिवस गेला नाही. शाळेत पोरी विचारत होत्या, बाई, मेंदी काढली का?

त्या रात्री मी ह्यांना म्हणाले, उद्या जाऊन सांगते. सकाळी उठून शब्द जुळवत होते, तर दारात नानाच. हातात नवी काचेची बाटली, पांढऱ्या झाकणाची, काडी बांधलेली. दुसऱ्या हातात शेडची चावी.

"नाना, मला तुम्हाला एक..."

"एकास चार, म्याडम. पाणी उकळून. रोज सकाळी तुम्ही भरायचं. साखर शेडमध्ये ठेवली हाय." चावी माझ्या हातावर ठेवली आणि गेले.

सुटले, असं मला वाटलं. खरंच वाटलं. नानांना कळलंच नाही म्हणून मी हसत शेड उघडलं. फळीवरच्या एकूण एक बरणीवर नवा कागद चिकटवलेला, नानांच्या टोकदार अक्षरात. खिळे. ग्रीस. साखर. पुण्याची ती पुडी एका डबीत, वर लिहिलेलं: रंग, संशयास्पद. आणि सगळ्यात मागं, तारेनं बांधलेली ती लाल बरणी. तिच्यावर मोठ्या अक्षरात:

विष. शिकल्यासवरल्या माणसांनीसुद्धा हात लावू नये.

तिथं उभी असताना मला परतूरकडचा तो राखणदार आठवला, आणि हातातली चावी एकदम जड झाली.

पाडव्याला नानांनी खिडकीबाहेर जास्वंदीचं रोप लावलं. त्याला फुलं येईपर्यंत बाटलीच्या काडीला रोज एक ताजं जास्वंदीचं फूल बांधायचं, ही काकूंची अट. "देवानं केलेलं लाल हाय," त्या नानांना म्हणाल्या, सरळ. फुलं काकू गल्लीतल्या गणपतीच्या देवळाशेजारून मागून आणायच्या. फूल बांधायला लागल्यावर पाचव्या दिवशी नर आला, मग मादी. त्या दोघांच्या पाठोपाठ भाकऱ्या पुन्हा करपायला लागल्या.

ते घर सोडेपर्यंत मी रोज बाटली भरली. आजारी असले तरी भरली. आमच्या नव्या घरात मीठसुद्धा लेबलाशिवाय नाही. आमची मुलगी म्हणते, आई, एक दिवस बाबांवर पण चिकटवशील.

एका सकाळी मी पाणी मोजत होते आणि काकू जवळ येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या. नाना बाजेवर कालचा पेपर घेऊन बसले होते, पेपरच्या वरून डोळे माझ्या हातावर.

"बाई," काकू हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला, पण शेडची चावी त्यांनी मलाबी दिली न्हाई कधी. तुमच्यावर लई भरोसा दिसतोय त्यांचा."

"हो काकू," मी म्हणाले. "पुरा."

आणि मान खाली घालून चौथी वाटी ओतली.